सीआरपी, फेरिटिन की आयएल-६: सायटोकाइन स्टॉर्मची चाहूल कशातून घ्यावी?

सोलापुरात, किंवा बार्शी-अक्कलकोटकडे, छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांपुढचा हा नेहमीचा पेच आहे. गंभीर व्हायरल आजाराचा रुग्ण आज बरा दिसतोय, पण उद्या त्याचीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटली, म्हणजे दाह पेटवणाऱ्या रेणूंचं वादळ (सायटोकाइन स्टॉर्म) उठलं, तर? ते आधी ओळखायला कोणती तपासणी करावी? नातेवाईक आधीच उधारउसनवारीवर आलेले असतात, त्यामुळे खर्चाचा विचार बाजूला ठेवून चालत नाही.

आयएल-६, म्हणजे इंटरल्यूकिन-६, याची महती कोविडच्या काळात फार वाढली. वादळ पेटवणाऱ्या मुख्य रेणूंपैकी तो एक आहे, हे खरं. पण तपासणी महाग आहे, नमुना बहुतेकदा बाहेरच्या लॅबला जातो आणि पातळी काही तासांत बदलते. रिपोर्ट हातात येतो तेव्हा तो कालचा रुग्ण सांगत असतो.

सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, यकृतात तयार होतं आणि ते मुख्यतः आयएल-६ च्याच इशाऱ्यावर. म्हणजे स्वस्तातली ही तपासणी महागड्या तपासणीचंच बरंचसं काम करते. सहा-आठ तासांत वाढायला लागतं, साधारण ४८ तासांत शिखर गाठतं, अर्धायुष्य सुमारे १९ तास. म्हणून रोज एकदा पाहिलं तर चढ-उतार नीट कळतो. दिवसात तीनदा पाहण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या औषधचाचणीत टोसिलिझुमॅबसाठी (आयएल-६ चा परिणाम अडवणारं औषध) कोविडचे रुग्ण निवडताना ऑक्सिजनची कमतरता आणि सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, हेच निकष होते. आयएल-६ ची अट नव्हती. माझं मत इथेच पक्कं झालं.

सीआरपीची एक फसगत मात्र लक्षात ठेवायला हवी. टोसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरतं, मागे जिवाणूंचा संसर्ग वाढत असला तरी. उलट रक्तातलं आयएल-६ वाढलेलं दिसतं, कारण त्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागा, अडवलेले असतात. औषधानंतर दोन्ही आकडे जपून वाचावेत.

फेरिटिन, म्हणजे शरीरात लोह साठवणारं प्रथिन, याचा प्रश्न वेगळा आहे. ते यकृताला इजा झाली तरी वाढतं, आणि डेंग्यूत यकृताला इजा बहुतेकदा होते. त्यामुळे एकट्या आकड्यावरून घाबरू नये. पण फेरिटिन हजारांत चढतंय, ताप हटत नाही आणि दोन-तीन प्रकारच्या रक्तपेशी एकदम घसरतायत, असं दिसलं तर एचएलएचचा (प्रतिकारपेशी बेभान होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात तो जीवघेणा आजार) विचार करायलाच हवा. तिथे ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन, एएसटी आणि पोटाची सोनोग्राफी जोडून एचस्कोर, म्हणजे एचएलएचची शक्यता सांगणारा आकडा, काढता येतो. फेरिटिनची तपासणी सरसकट नको, पण योग्य वेळी टाळूही नये.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. कोविडमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढत आणि लिम्फोसाइट घटत गेले तर तो धोक्याचा इशारा. मात्र स्टेरॉइड सुरू झाल्यावर हे गुणोत्तर तसंही बदलतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशीच कमी होतात, तिथे नजर हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि प्लेटलेटवर हवी. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, घरोघरी पिंप भरलेले असतात आणि त्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून हा फरक इथल्या डॉक्टरांना रोजच्या कामाचा आहे. ताप उतरतानाच हिमॅटोक्रिट चढतोय, प्लेटलेट वेगाने पडतायत, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर सीआरपी कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

उपचारही एक नाही. ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम वाचवतं. ऑक्सिजनची गरज नसलेल्याला त्याचा फायदा दिसला नाही. डेंग्यूत स्टेरॉइडची शिफारसच नाही, तिथे सलाइनचा नेमका हिशोब जीव वाचवतो.

तेव्हा निवड करायची तर रोज सीबीसी आणि सीआरपी, शंका आली की फेरिटिन, आणि आयएल-६ ला सगळ्यात शेवटची जागा. रुग्ण सिव्हिलला पाठवायची वेळ आली तर ऑक्सिजनची गरज वाढायची वाट पाहू नका, आणि हे सगळे आकडे तारीखवार एका कागदावर लिहून सोबत द्या. तिथल्या डॉक्टरांना एका रिपोर्टपेक्षा चार दिवसांचा चढ जास्त उपयोगी पडतो.