एनसीडीयू: भरलेल्या डिस्कचा नेमका हिशेब
लिनक्सवरील डिस्क भरत आली की कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, हे टर्मिनलमध्येच (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) आकाराच्या उतरत्या क्रमाने दाखवणारे एनसीडीयू हे साधन मला ग्राफिकल पर्यायांपेक्षा अधिक सोयीचे वाटते. वाचण्याची परवानगी नसलेल्या फोल्डरपुढे ते उद्गारचिन्ह दाखवते. अशा वेळी ते सुडोसह, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या आज्ञेसह, चालवावे लागते आणि खरा धोका तिथेच सुरू होतो, कारण मग 'डी' कळ दाबून होकार दिला की रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) मालकीचे फोल्डरही कचरापेटीत न जाता थेट पुसले जाते. केवळ पाहणी करायची असल्यास हटवण्याची सोय बंद ठेवणारा पर्याय आहे, तो अवश्य वापरावा. अपरिवर्तनीय खूण लावलेली फाइल मात्र, ती खूण काढेपर्यंत, रूटलाही पुसता येत नाही. जर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या घडामोडींच्या, जुन्या नोंदी हटवण्यासाठी जर्नलसीटीएल ही आज्ञाच योग्य.