‘३१६’चा शिक्का आणि चुंबकाची परीक्षा : शिडाच्या होडीच्या सुट्या भागांत झालेली फसवणूक

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. त्याच्या जलाशयावर रीतसर परवानगी घेऊन आम्ही तीन कुटुंबे मिळून एक लहान शिडाची होडी चालवतो. होडी फायबरची, चौदा फुटी, एका डोलकाठीची असून ती मुंबईहून जुनी विकत घेतलेली आहे. परभणी किंवा जिंतूरच्या बाजारात ट्रॅक्टरचा आणि मोटारपंपाचा हवा तो भाग तासाभरात हाती येतो, परंतु डोलकाठीला उभी धरणाऱ्या ताणतारेचा टर्नबकल (तार घट्ट करण्याचा फिरकीचा जोड) किंवा शिडाच्या दोराची कप्पी मागितली तर दुकानदार ते नावही पहिल्यांदाच ऐकत असतो. त्यामुळे मराठवाड्यात अशी होडी बाळगणाऱ्याला सुटे भाग आणि हत्यारे यांची भरलेली पेटी जवळ ठेवावीच लागते. ही गरज आणि समुद्रापासूनचे आपले अंतर हेरून माल खपवणारे विक्रेते आहेत. त्यांच्यापैकी एकाने आम्हाला कसे फसवले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

हा विक्रेता मुंबईचा पत्ता देतो आणि सगळा व्यवहार फोनवर करतो. ‘लहान शिडाच्या होडीसाठी संपूर्ण पेटी’ असे त्याच्या मालाचे वर्णन होते. त्यात शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी), टर्नबकल, कप्प्या, पिना, तार, दोर, शीड शिवण्याचे साहित्य, फायबर दुरुस्तीचे रेझिन आणि हत्यारे असा सगळा सरंजाम होता. किंमत १८,००० रुपये, आणि तीही पूर्ण आगाऊ. धातूचे सर्व भाग ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत, असे त्याने लेखी कळवले आणि पुराव्यादाखल एक चित्रफीत पाठवली. तीत तो शॅकलला चुंबक लावून दाखवत होता. “साहेब, बघा, चुंबक धरत नाही. म्हणजे अस्सल ३१६,” असे त्याचे शब्द होते. माल आला तेव्हा प्रत्येक शॅकलवर ३१६ हा आकडाही होता.

या चुंबकाच्या परीक्षेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारे लोक सगळीकडे भेटतात. ३१६ पोलादात साधारण १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. खाऱ्या पाण्यात ते टिकते ते मुख्यतः या मॉलिब्डेनममुळे, आणि महाग पडते ते निकेल व मॉलिब्डेनम या दोहोंमुळे. स्वयंपाकघरातली भांडी आणि जिन्याचे कठडे यांत सर्रास वापरले जाणारे २०२ हे स्वस्त पोलाद वेगळे आहे. त्यात निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून उरलेली भरपाई मँगनीजने केलेली असते. महत्त्वाची गोष्ट अशी की चुंबक २०२ला धरत नाही, ३०४ या मॉलिब्डेनम नसलेल्या मधल्या दर्जाला धरत नाही आणि ३१६लाही धरत नाही. उलट थंड अवस्थेत वाकवलेल्या किंवा आटे पाडलेल्या अस्सल मालालाही तो कधी कधी किंचित ओढला जातो. म्हणजे जी परीक्षा दाखवून ग्राहकाचा विश्वास मिळवला जातो, ती या तिन्हींतला फरक सांगूच शकत नाही. हा विक्रेता वर्षानुवर्षे हाच धंदा करत असल्याचे अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याला हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही.

खरा प्रकार आषाढात उघड झाला. येलदरीच्या जलाशयाभोवती टेकड्या असल्यामुळे वारा एकसारखा न येता झोताने येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. अशाच एका झोतात डाव्या ताणतारेच्या शॅकलची पीन तुटली आणि डोलकाठी शिडासकट पाण्यात आडवी झाली. होडीत माझा पुतण्या आणि त्याचा मित्र होता. काठी दोघांच्या मधून गेली, म्हणून खांद्याला खरचटण्यावर भागले. वीतभर इकडे पडली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

तुटलेल्या पिनेचा छेद मोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा रवाळ होता आणि आत बारीक पोकळी दिसत होती. घडाई केलेला शॅकल ताण वाढला की आधी वाकतो आणि तुटण्यापूर्वी इशारा देतो. हा माल ओतीव होता. चांगल्या शॅकलवर पोलादाच्या दर्जाबरोबरच तो किती भार पेलू शकतो हेही कोरलेले असते. आमच्याकडे आलेल्या एकाही नगावर भाराचा आकडा नव्हता. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या एका परिचितांकडे धातूचे घटक मोजणारे हातातले क्ष-किरण यंत्र आहे. त्यांनी आमचे शॅकल आणि टर्नबकल त्याखाली धरले. मॉलिब्डेनम जवळजवळ नव्हते, निकेल थोडे होते आणि मँगनीज भरपूर होते. तपासणीला काही मिनिटेच लागली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. धरणाच्या गोड्या पाण्यात ३१६च हवे असे नाही, चांगल्या घडाईचे ३०४ पुरेसे होते. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्यानेही “गोड्या पाण्यात काय होतंय, चालून जाईल” असे उत्तर दिले. परंतु त्याने ना ३०४ दिले, ना घडाईचा माल दिला, आणि पैसे मात्र ३१६चे घेतले. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

मग पेटीतली प्रत्येक वस्तू नव्याने पाहिली. ताणतारेसाठी एकोणीस सुट्या तारांचा एकच पीळ असलेली कडक तार लागते, कारण ती फारशी ताणत नाही. आलेल्या तारेचे कापलेले टोक उसवून मोजले तर सात-सात तारांचे सात पीळ निघाले. असली तार भाराखाली लांबते आणि डोलकाठी ढिली पडते. शीड चढवण्याचा दोर पॉलिएस्टरचा म्हणून दिला होता. त्याचा तुकडा बादलीत टाकताच तरंगला. पॉलिएस्टर पाण्यात बुडते, तरंगते ते पॉलिप्रॉपिलीन, आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात त्याचे तंतू लवकर कुजून हाताला कुसळासारखे टोचू लागतात. पान्याच्या जबड्यावरचा मुलामा पोपडे धरून निघत होता. पकडीवरचे नाव एका नामांकित कंपनीच्या नावापेक्षा एकाच अक्षराने वेगळे होते.

रेझिनच्या डब्याविषयी मात्र संताप आवरत नाही. डब्यावरचे लेबल सोलले तेव्हा खाली मुदत संपलेले जुने लेबल सापडले. त्याहून गंभीर म्हणजे रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ती क्रिया वेगवान करणारा कोबाल्टचा प्रवेगक या दोन बाटल्या, कोणत्याही नावाविना, एकाच पिशवीत गुंडाळल्या होत्या. हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा आणि हार्डनर नंतर घालायचा असतो. हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. घरात लहान मुले असताना अशा बिननावाच्या बाटल्या पाठवणाऱ्याला केवळ लबाड म्हणणे अपुरे आहे.

तक्रारीच्या वेळी सर्वांत मोठी अडचण बिलाची झाली. बिलावर ‘बोट स्पेअर किट, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. त्यात ना दर्जा होता, ना माप, ना वस्तूंची यादी. पत्ता मुंबईचा असूनही जीएसटी क्रमांक २४ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही पाहता येते. आमच्या बिलावरचा क्रमांक निराळ्याच नावाचा निघाला. सुदैवाने ३१६चा लेखी दावा आणि ती चुंबकाची चित्रफीत आम्ही जपून ठेवली होती.

आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि नंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मालातला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून न वापरलेले शॅकल, तार आणि दोर आम्ही मोहोरबंद करून ठेवले आहेत. तक्रार अद्याप प्रलंबित आहे.

आता आम्ही तयार पेटी घेत नाही. एकेक वस्तू वेगवेगळी मागवतो, बिलावर प्रत्येकीचा दर्जा आणि माप लिहून घेतो, आणि धातूचा प्रत्येक भाग वाळूजच्या यंत्राखालून गेल्याशिवाय होडीवर चढवत नाही. नांदेड, हिंगोली किंवा बीडकडे कोणी अशीच पेटी घेतली असेल, तर त्यांनी होडी पाण्यात घालण्यापूर्वी ताणतारांचे शॅकल काढून तपासावेत आणि बिल, संदेश व उरलेला माल टाकून देऊ नये.