मणका दबल्यावर: गोळी, पट्टा, सिमेंट की व्यायाम?

हाडं ठिसूळ झाली म्हणून दुखत नाहीत. दुखतो तो मोडलेला किंवा दबलेला मणका. म्हणून आधी दुखणं ताजं की जुनं, ते ठरवा. ओझं उचलताना, कधी नुसत्या शिंकेनेही उठलेली कळ ताजी. ती साधारण 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. त्यापुढे रेंगाळणारं दुखणं बरेचदा पोक आल्याने दिवसभर ताणलेल्या स्नायूंचं असतं.

ताज्या कळेवर पहिली गोळी पॅरासिटामॉल. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहूनही कमी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जास्त जोरकस वाटतील, पण पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांना जड जातात. उतारवयात मी तरी त्यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाणार नाही. ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाने कळ दबते, पण चक्कर येते आणि पोट साफ होत नाही. चक्कर आली की पडण्याची भीती, आणि कुंथताना दुखऱ्या मणक्यावर जोर येतो तो वेगळाच. घ्यावंच लागलं तर थोडे दिवस, सोबत रेचक.

पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याने उठणं-बसणं सुसह्य होतं. मात्र महिनोन्महिने बांधून ठेवलात तर पाठीचे स्नायू आळशी होतात. अंथरुणाला खिळणं त्याहून वाईट. पडून राहिल्याने हाड आणखी झिजतं. दोन-चार दिवस विश्रांती ठीक, मग थोडं थोडं चालायचंच.

मणक्यात सिमेंट भरण्याचं, म्हणजे व्हर्टेब्रोप्लास्टीचं, आकर्षण मोठं. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खरी आणि लुटुपुटूची, म्हणजे सिमेंट न भरता केलेली, प्रक्रिया यांच्यात फारसा फरक दिसला नाही. 2016 च्या एका चाचणीत 6 आठवड्यांच्या आतल्या तीव्र कळेला फायदा दिसला, 2018 च्या दुसरीत पुन्हा नाही. म्हणजे सरसकट नकोच. औषधं थकली आणि माणूस कुशीवरही वळू शकत नसेल, तरच विचार करावा.

जुन्या दुखण्यात गोळ्या वाढवत नेण्यापेक्षा पाठ ताठ ठेवणारे व्यायाम सरस, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले. कंबरेतून पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं मात्र बंद.

पाय लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा सोबत ताप असेल, तर तुलना करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि बिस्फॉस्फोनेटसारखी हाडांची औषधं कळ थांबवायला नसतात. ती पुढचा मणका वाचवायला असतात, म्हणून दुखणं थांबलं तरी ती आपल्या मनाने सोडायची नाहीत.