बॉयलरमध्ये प्लॅस्टिक की सिमेंटच्या भट्टीत?

आतेभावाचं सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल रंगवायचं युनिट आहे. पॅकिंगच्या पिशव्यांचा ढीग दाखवत म्हणाला, "दादा, लाकडासोबत बॉयलरमध्ये टाकू की सिमेंटवाल्यांना भट्टीत जाळायला देऊ?"

खर्चात बॉयलर जिंकतो. किलोभर पॉलिथिनमध्ये लाकडाच्या दुप्पटीहून जास्त उष्णता, वाहतूकही नाही.

खरा प्रश्न धुराचा. पॉलिथिन नीट जळालं तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. पण लाकडाच्या बॉयलरमध्ये हवा कमी पडते, मग कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि बेंझिन. ढिगात पीव्हीसीचा एक पाइप सापडला, तोच घातक: त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा आम्ल वायू सुटतो, तो बॉयलरच्या नळ्या कुरतडतो. धूर २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला की डायॉक्सिन, म्हणजे क्लोरीनची अतिविषारी संयुगं, तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून चिमणीचा धूर पांढरा दिसला तरी खूश व्हायचं नाही.

सिमेंटच्या भट्टीत क्लिंकर (दळून सिमेंट होतं ते खडे) १४५० अंशांवर भाजतात, ज्वाला त्याहून तापलेली. वायू काही सेकंद त्या तापात राहतात, आम्ल चुना शोषतो, राखही क्लिंकरमध्येच मुरते. क्लोरीन जास्त झालं तर मात्र आत थर बसतात, म्हणून पीव्हीसी तिथेही नको. कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे तेवढाच, किलोमागे तीनएक किलो.

कोरड्या, स्वच्छ पिशव्या असतील तर आधी भंगारवाल्याला विका. मळक्या, मिसळलेल्या सिमेंटला. बॉयलरला लाकूड किंवा बगॅस (उसाची चिपाडं)च.