घरपोच आयएनआर: नाशिकच्या एका लॅबची सेवा, निळ्या नळीपासून रिपोर्टपर्यंत

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. ज्यांना धातूची झडप बसवली आहे किंवा ज्यांची मायट्रल झडप बरीच आकसली आहे, त्यांना एपिक्साबान, रिव्हरॉक्साबानसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम या जुन्या गोळ्या, आणि त्यामागून येणारी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) तपासणी टळत नाही. कॉलेज रोडवरच्या एका लॅबची घरपोच सेवा खरं तर त्यांच्याच कामाची.

वेळ पाळतात. नमुना घेणारा मुलगा सकाळी सात ते नऊमध्ये सिडको, नाशिकरोडपर्यंत येतो. उपाशी राहावं लागत नाही हे फोनवरच सांगतात. रिपोर्ट चारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर. गोळी संध्याकाळी घेणाऱ्यांना याचा मोठा फायदा: डॉक्टरांनी डोस बदलला तर त्याच रात्रीपासून लागू. रिपोर्टवर कंट्रोलची (निरोगी रक्ताची) वेळ आणि आयएसआय (तपासणीचं रसायन किती संवेदनशील आहे तो आकडा) दोन्ही छापलेले असतात, हेही बरं. लॅब मात्र दरवेळी तीच ठेवा. रसायन बदललं की आकडा थोडा सरकतो आणि उगाच डोस हलवला जातो.

खरी गोम नळीत आहे. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं 0.3 मिली सायट्रेट आधीच असतं, त्यावर 2.7 मिली रक्त हवं. म्हणजे नऊला एक. वृद्धांच्या बारीक शिरेसाठी हा मुलगा बटरफ्लाय सुई लावतो, ते योग्यच. पण तिच्या लांब नळीतली हवा आधी आत जाते आणि रक्त खुणेच्या खाली राहतं. सायट्रेटचं प्रमाण वाढतं, आयएनआर खोटा चढतो, 2.4 चा 3 पार दिसू शकतो. डॉक्टर गोळी कमी करतात आणि गुठळीचा धोका उघडा पडतो. उपाय सोपा: आधी एक फेकायची नळी लावून हवा काढायची, मग खरी. इथे आपण सांगितल्याशिवाय ती लावत नाहीत. रक्त खुणेपर्यंत आलं का, ते स्वतः बघा. नळी तीन-चार वेळा हळूच उलटी करायची, खळखळ हलवायची नाही.

दुसरी तक्रार डब्याची. सगळे नमुने एकाच बर्फाच्या डब्यात. आयएनआरची नळी साध्या तापमानालाच ठेवायची असते. गारठ्यात रक्त गोठवणारा सातवा घटक जागा होतो आणि आकडा खोटा खाली येऊ शकतो.

रिपोर्टच्या तळाशी ‘हिरव्या पालेभाज्या टाळा’ असं छापलंय. मेथी-कोथिंबिरीच्या या गावात कोण ऐकणार, आणि ऐकूही नये. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीचा असर कमी करतं, पण आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवलं की डोस त्याला जुळतो. घात होतो तो अचानक बंद किंवा अचानक भरमसाट केल्यावर. उलट मेट्रोनिडाझोलसारख्या अँटिबायोटिकने आयएनआर झपाट्याने वाढतो, त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही.

लॅबचं ‘हार्ट पॅकेज’ घेऊ नका. एपिक्साबान किंवा रिव्हरॉक्साबानवर असलेल्यांनाही त्यात आयएनआर लावतात. त्यांना तो डोस ठरवायला कामाचा नाही, मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारं क्रिएटिनिन हवं.

बहुतेकांचं लक्ष्य 2 ते 3. धातूच्या झडपेला काहींना त्याहून जास्त. आकडा 5 च्या वर गेला तरी लॅबचा फोन येत नाही, नुसती पीडीएफ. चारनंतर मोबाइल घरातल्या कुणाच्या तरी हातात असू द्या. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर घरपोच नमुन्याची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.