देवगिरी-वेरूळसाठी 8×25 दुर्बीण, दोघांत एक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

दुकानात सगळ्यांचा डोळा मोठ्या आकड्यावर असतो. 8 पेक्षा 10 बरी, 10 पेक्षा 12 बरी. पण देवगिरीच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या चढून बारादरीत पोचल्यावर, दम लागलेला असताना 10 पटीची दुर्बीण खाली चांदमिनारावर धरून बघा. मिनार थरथरतो, कारण हाताचं कापणंही दहापट होतं. 8 पटीत चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं, कठड्यावर कोपर टेकवलं तर आणखी. शिवाय 8×25 चं (म्हणजे 8 पट मोठं चित्र आणि 25 मिलिमीटर व्यासाचं पुढचं भिंग) वजन 300 ग्रॅमच्या आसपास. 8×42 जवळपास दुप्पट भरते आणि उतरताना मानेला रग लागते.

दोघांत एकच दुर्बीण असली की खरी कटकट फोकसची. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतलं अंतर वेगळं, नंबर वेगळा. नवरा बघतो, बायकोच्या हातात देतो, तिला सगळं धुरकट, मग ‘दुर्बीणच भंगार आहे’ असा निकाल. सेटिंग एकदा नीट करावं लागतं. आधी मधली बिजागरी उघड-मीट करून दोन गोल एक होऊ द्यायचे. मग उजवं भिंग झाकून, डाव्या डोळ्यानं लांबची एखादी रेघ मधल्या चाकानं स्पष्ट करायची. त्यानंतर डावं झाकायचं आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टर कडी फिरवून तीच रेघ स्पष्ट करायची. पुढं फक्त मधलं चाक. कडीवर दोघांच्या जागी नेलपॉलिशचे दोन वेगळे ठिपके दिले की अदलाबदल दहा सेकंदांत होते. चष्मा असेल त्यानं रबरी वाट्या खाली दुमडायच्या, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या दिसतात.

वेरूळला पैसे वसूल. 16 नंबरच्या कैलासात मंडपाच्या बाहेरच्या भिंतींवर उत्तरेला महाभारत आणि दक्षिणेला रामायण कोरलंय, ओळींवर ओळी. वरच्या ओळींतल्या लहान आकृत्या अंगणातून नुसत्या डोळ्यांना खडबडीत दगड वाटतात. दुर्बिणीत एकेकाचे हात, धनुष्य, माकडांच्या शेपट्या सुट्या होतात. तिरपं ऊन असेल तर आणखी छान, कारण कोरीवकाम सावलीनं उठतं. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट.

अजिंठ्याला मात्र निराशा. 25 ला 8 नं भागलं की 3.1, दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकातून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्याच मिलिमीटर रुंदीचा. उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून काही कमी पडत नाही. लेण्यात ती पाच-सहापर्यंत उघडते आणि दुर्बिणीतलं छत नुसत्या डोळ्यांपेक्षा काळं दिसतं. तिथं 8×42 लागते (झोत 5.25 मिलिमीटर). अजिंठाच मुख्य असेल तर वजन सोसा आणि तीच घ्या. देवगिरीच्या अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) कोणतीच चालत नाही, तिथं टॉर्च.

संग्रहालयासाठी खोक्यावर ‘जवळचा फोकस’, म्हणजे कमीत कमी किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं, ते बघा. 2 मीटर असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या काचेमागच्या मण्यांवरची नक्षी दिसते. 4 मीटरवाली असेल तर मागं सरकत-सरकत पाठ समोरच्या कपाटाला लागते.

निगेचं थोडं. आपल्याकडची धूळ बारीक खडीच असते. ओढणीनं किंवा शर्टाच्या टोकानं पुसलं की भिंगावर चरे. आधी फुंकणीनं उडवायची, मग मऊ ब्रश, शेवटी चष्म्याचं कापड. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, रबर चिकट होऊन सुटतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशीचं जाळं धरतं. आणि सूर्याकडं कधीच नाही.

सहा महिन्यांत कुठं ना कुठं एक आपटी बसतेच. आतला प्रिझम केसभर सरकला तरी विजेच्या खांबावरच्या एका तारेच्या दोन दिसतात. किंचितच सरकला असेल तर डोळे ओढून-ताणून चित्र जुळवतात आणि तासाभरात कपाळ ठणकतं. मग घरी येऊन चष्म्याचा नंबर तपासायला जातात, दुर्बीण तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. नवी घेतानाही दुकानाबाहेर येऊन तार बघूनच घ्या.