पानभुंगेऱ्यांसाठी घेतलेला स्टीरिओ मायक्रोस्कोप

खानापुरात आमच्या भाताच्या बांधावर मिळणारे पानभुंगेरे, म्हणजे पानं खाणारे छोटे भुंगेरे, बघायला सहा महिन्यांपूर्वी बेळगावातून हा मायक्रोस्कोप घेतला. ७ ते ४५ पट झूम.

भातावरचा काटेरी हिस्पा किंवा अथणीकडच्या द्राक्षबागेतला उडद्या ओळखायला दहापटीचं भिंगही पुरतं. खरी कसोटी लागते ती दोन-तीन मिलिमीटरच्या, जाड मागच्या मांडीच्या, टुणकन उडणाऱ्या पिसू-भुंगेऱ्यांची. वरून दोन जाती हुबेहूब एकच. फरक बहुधा नराच्या जननेंद्रियाच्या आकारात कळतो, म्हणून पोट अलगद सोडवायचं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचं आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायचं. माझ्या डब्यातले एकसारखे सात नमुने असे उघडले तर दोन निराळे निघाले! त्या रात्री झोप आली नाही. पण निराळं म्हणजे नवं नव्हे. जुनी वर्णनं, संग्रहालयातले मूळ नमुने (ज्यांच्यावरून जातीला पहिल्यांदा नाव दिलं ते) यांच्याशी ताडल्याशिवाय नाव द्यायचं नाही. पानभुंगेऱ्यांच्या कुळात ३५ हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे.

भिंगं स्वच्छ, नमुन्याचा उंचसखलपणा छान दिसतो. सोबतचा दिवा मात्र वाईट. चकचकीत पाठीवर झगमगाट होतो आणि बारीक ठिपक्यांच्या रांगा पुसल्या जातात. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला, तेव्हा कुठे त्या मोजता आल्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकून ठेवा, आमच्याकडच्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते. दुकानदार म्हणाले, "सर, कॅमेऱ्याचा घ्या." ऐकायला हवं होतं, चित्रं हातानं काढतोय.